एकास बारा

मुंबईहून पुण्याला रेल्वेने जाणाऱ्यांना कर्जतचा थांबा चांगला ठाऊक असतो. बऱ्याच गाड्यांना तिथे मागच्या बाजूने जादा इंजिनं जोडतात, कारण पुढे खंडाळ्याचा घाट आहे. १८६३ साली खुल्या झालेल्या या घाटात रुळांचा चढ जास्तीत जास्त १:३७ इतका ठेवलेला आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. एवढ्याशा चढालाही मागून रेटा लागतो.

आता आपल्या गावातल्या एखाद्या बँकेच्या, पोस्टाच्या नाहीतर दवाखान्याच्या दाराशी जाऊ. पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा उतार केलेला दिसतो आणि शेजारच्या भिंतीवर निळ्या चौकोनात चाकाच्या खुर्चीचं चित्र असतं. टेप लावून पाहिलं तर हा उतार कितीदा तरी १:५, नाहीतर १:४ भरतो. घाटाच्या सात ते नऊ पट तीव्र. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तो आपल्या दोन हातांच्या जोरावर चढायचा असतो. मग तो नेमका कोणासाठी बांधलेला असतो? आणि तो कसा असायला हवा होता?

उंची तीच, वाट लांब

रॅम्पमागचं तत्त्व घाटरस्त्याचंच आहे. डोंगराची उंची कमी करता येत नाही, पण वाट लांब करता येते. पायवाट सरळ कड्यावर चढते आणि दम काढते. गाडीरस्ता वळसे घेत जातो, अंतर कितीतरी वाढतं, पण प्रत्येक पावलाला लागणारा जोर कमी होतो. एकूण कष्ट तेवढेच राहतात, फक्त ते लांब वाटेवर पसरले जातात.

हे आकड्यांत पाहणं अगदी सोपं आहे. माणसाचं वजन ६० किलो आणि खुर्चीचं २० किलो धरलं, तर एकूण ८० किलो झाले. सपाट, गुळगुळीत फरशीवर ही खुर्ची चालती ठेवायला जेमतेम एखाद्या किलोचा जोर पुरतो. चढावर मात्र वजनाचा काही हिस्सा खुर्चीला सतत मागे ओढत असतो. तो किती, हे काढायला वजनाला उताराच्या आकड्याने भागायचं. १:१२ च्या उतारावर ८० भागिले १२, म्हणजे सुमारे पावणेसात किलो. १:८ वर १० किलो. १:४ वर जवळजवळ २० किलो. हा भार पायांवर किंवा पाठीवर येत नाही. तो येतो मनगटांवर आणि खांद्यांवर, म्हणजे जे सांधे मुळात शरीराचं वजन ओढायला घडलेलेच नाहीत त्यांच्यावर. वर्षानुवर्षं खुर्ची ढकलणाऱ्या माणसांचे खांदे दुखावतात ते यामुळेच.

हात सुटला की खुर्ची मागे

भार एवढीच अडचण असती तर दंड कमावलेल्या माणसाने कुठलाही चढ पार केला असता. अडचण हात फिरवण्याच्या तालात आहे. चाकाला बाहेरून जी गोल कडी असते ती धरून पुढे ढकलायची, हात सोडायचे, मागे न्यायचे, पुन्हा कडी धरायची. हात मागे नेऊन पुन्हा पकड घ्यायला साधारण अर्धा सेकंद जातो. सपाटीवर या अर्ध्या सेकंदात खुर्ची आपली आपण पुढे जात राहते, हाताला विसावा मिळतो. चढावर तसं होत नाही.

सेकंदाला अर्धा मीटर या संथ वेगाने वर जाणारी खुर्ची १:१२ च्या उतारावर हात सुटल्यापासून सुमारे अर्ध्या सेकंदात थांबते. म्हणजे ती मागे घसरू लागणार तेवढ्यात पुढची पकड बसते. हे जेमतेम जमतं. १:४ च्या उतारावर तीच खुर्ची एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शात थांबते आणि मागे येऊ लागते. हात अजून हवेतच असतात. प्रत्येक ढकलीत जे मिळवलं ते पुढच्या पकडीआधी हातचं जातं.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. माणूस आणि खुर्ची मिळून जो भार होतो, त्याचा मध्य मागच्या मोठ्या चाकांच्या आसाच्या किंचित पुढे असतो. म्हणून सपाटीवर खुर्ची स्थिर राहते. चढ वाढला की हा मध्य आसाकडे आणि मग आसाच्या मागे सरकतो. त्यात जोराने चाक ढकललं, की पुढची छोटी चाकं उचलली जातात आणि माणूस खुर्चीसकट पाठीवर पडतो. ज्याला कमरेतून पुढे वाकून तोल सावरता येतो तो एक वेळ वाचेल. मणक्याला दुखापत होऊन पोटाचे स्नायूच चालत नसतील, तर तेही शक्य नसतं.

उतरणं सोपं असेल असं पाहणाऱ्याला वाटतं. पण उतरताना ब्रेकचं काम तळहात करतात. फिरत्या कडीवर हात घासत वेग रोखायचा असतो. तीव्र उतारावर कातडी भाजते, आणि उतार संपून जमीन सुरू होते त्या कोनात खुर्चीचा पायटा, म्हणजे पाय ठेवायची पट्टी, आदळला तर माणूस तोंडावर पडतो. पावसाळ्यात ओल्या, गुळगुळीत ग्रॅनाइटवर काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

चांगल्या रॅम्पची बाकीची अंगं या सगळ्यातून आपोआप ठरतात. दोन्ही बाजूंना कठडे, तेही दोन उंचींवर, कारण उभ्याने चालणाऱ्याचा आणि बसलेल्याचा हात वेगवेगळ्या जागी पोचतो. कडेला चाक घसरू नये म्हणून छोटा उंचवटा. खडबडीत पृष्ठभाग. ठरावीक अंतरावर सपाट विसावा. आणि वर, दारासमोर, खुर्ची वळेल एवढी म्हणजे साधारण दीड मीटर लांबरुंद सपाट जागा. ही शेवटची गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. चढून वर आलेल्या माणसाला एका हाताने दार ओढायचं असतं. पायाखाली सपाट जागा नसेल तर दाराच्या मुठीला हात घालताच खुर्ची मागे जाते.

बारा आला कुठून

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जखमी सैनिक मोठ्या संख्येने शिकायला परतले. पोलिओतून वाचलेले तरुणही होते. इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजंट यांनी या विद्यार्थ्यांसाठी काम सुरू केलं आणि कोणत्या उतारावर कोणाला कितपत जमतं, दार किती रुंद लागतं, हात कुठवर पोचतो, याचा कसून अभ्यास केला. त्यातून १९६१ साली अमेरिकेत अपंगांना वापरता येतील अशा इमारतींचं पहिलं राष्ट्रीय मानक निघालं. त्यात रॅम्पची कमाल मर्यादा १:१२ धरली होती, आणि तोच आकडा पुढे जगभर पसरला.

कमाल मर्यादा हे शब्द महत्त्वाचे आहेत. १:१२ हा आरामाचा उतार नव्हे, याहून तीव्र चालणार नाही एवढंच तो सांगतो. उंची जास्त असेल तर १:१५, १:२० असा आणखी सौम्य उतार घ्यावा लागतो, कारण थकवा अंतरागणिक साठत जातो. आपल्याकडचे ठेकेदार आणि पुष्कळ वास्तुविशारदही १:१२ ला आदर्श मानतात आणि मग जागा कमी म्हणून त्यातून सवलत घेतात. सवलत द्यायला त्या आकड्यात काही शिल्लकच नसतं.

जोत्याचा हिशेब

आपल्याकडे जोतं उंच ठेवायची रीत पावसामुळे पडली. पाणी आत येऊ नये, ओल चढू नये, म्हणून दोन-चार पायऱ्या आल्याच. एका पायरीची उंची १५ सेंटिमीटर धरली तर तिच्यासाठी १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो. तीन पायऱ्यांना ५ मीटर ४० सेंटिमीटर. वर आणि खाली सपाट जागा वेगळी. एवढी जागा दुकानाच्या किंवा शाखेच्या दर्शनी बाजूला सहसा नसते. म्हणून गवंड्याला सांगितलं जातं, जेवढी जागा आहे तेवढ्यात बसव.

एका बँकेच्या शाखेबाहेर मी टेप आणि पाणसळ घेऊन मोजमाप केलं. तीन पायऱ्या, मिळून ५१ सेंटिमीटर उंची. रॅम्पची आडवी लांबी २ मीटर १० सेंटिमीटर. म्हणजे १:४ च्या आसपास. १:१२ साठी ६ मीटरपेक्षा जास्त लांबी हवी होती. वरच्या टोकाला सपाट जागा नव्हती, आणि काचेचं दार बाहेर, नेमकं रॅम्पच्या डोक्यावर उघडत होतं. कठडा एकाच बाजूला होता, त्याच्या पायाशी दोन कुंड्या. मी मोजतोय हे पाहून सुरक्षारक्षक आपुलकीने म्हणाले, "काही काळजी नाही साहेब, कोणी आलं तर आम्ही चौघं मिळून उचलून आत घेतो."

त्यांच्या चांगुलपणाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण उचलून घेणं म्हणजे काय, हे ज्याला उचललं जातं त्याच्या बाजूने पाहायला हवं. चार अनोळखी माणसं खुर्ची कुठे धरायची हे न कळता हात घालतात. पायटा निखळतो, हाताची टेकणी सुटून येते. स्त्री असेल तर परक्या पुरुषांचे हात अंगाला लागतात आणि ती काही बोलू शकत नाही, कारण ते मदत करत असतात. बॅटरीवर चालणारी खुर्ची असेल तर ती नुसतीच साठ-सत्तर किलोंच्या वर असते, माणसासकट उचलता येतच नाही. या सगळ्यानंतर त्या माणसाला खिडकीशी फक्त पासबुक भरून घ्यायचं असतं. दर महिन्याला चौघांचे आभार मानत ते करण्यापेक्षा तो भावाला किंवा मुलाला पाठवून देतो. मग शाखेतले लोक सांगतात, आमच्याकडे खुर्चीवरचं कोणी येतच नाही, रॅम्प सुधारून काय उपयोग?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात सुमारे ३० लाख. ही माणसं रस्त्यावर, कचेऱ्यांत, नाट्यगृहांत त्या प्रमाणात दिसत नाहीत, कारण दाराशी येऊन त्यांना परतावं लागलेलं असतं.

मराठी वाचकाला हे सगळं नसीमा हुरजूक यांच्यामुळे जवळून कळलं. तरुणपणी कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या नसीमादीदींनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन लिहिलं.

मदतीला कोणाचाच विरोध नाही. मात्र ती विचारून करायची असते, आणि कशी करायची हे खुर्चीतल्या माणसानेच सांगायचं असतं. न विचारता मागून खुर्ची ढकलू नये. ढकलणाऱ्याला सहज वाटतं, पण बसलेल्याच्या दृष्टीने कोणीतरी अचानक त्याचं शरीरच हलवलेलं असतं. जीजा घोष यांचं प्रकरण आठवावं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या कार्यकर्त्या २०१२ साली कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. विमानात जागेवर बसल्यावर त्यांना खाली उतरवण्यात आलं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न मानून विमान कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

पिवळी फरशी काय सांगते

रॅम्पसारखीच अर्धवट समजून बसवलेली दुसरी गोष्ट म्हणजे फलाटांवरची आणि पदपथांवरची पिवळी खडबडीत फरशी. सेइची मियाके या जपानी गृहस्थांनी ती १९६५ मध्ये तयार केली आणि १९६७ च्या मार्चमध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. तिच्यात दोनच खुणा आहेत. लांबट उंच रेघा असतील तर रेघांच्या दिशेने चालत राहा. गोल टिंबं असतील तर थांबा: पुढे फलाटाची कड आहे, जिना आहे, रस्ता ओलांडायचा आहे किंवा वाट वळते आहे. पांढऱ्या काठीच्या टोकाला आणि बुटाच्या तळाला या खुणा कळतात.

पिवळा रंगही शोभेसाठी नाही. दृष्टिदोष असलेल्या अनेकांना थोडंफार दिसत असतं. करड्या फरशीवर किंवा काळ्या डांबराशेजारी पिवळा पट्टा त्यांना ओळखता येतो. सुशोभीकरणाच्या नावाखाली फरशीच्याच रंगाच्या राखाडी टाइल्स बसवल्या की अर्धा उपयोग संपला. आणि रेघांची ओळ विजेच्या खांबात, झाडाच्या आळ्यात किंवा टपरीच्या भिंतीत जाऊन संपत असेल, तर ती नसलेली बरी. फरशीवर विश्वास ठेवून चालणाऱ्याला ती थेट खांबावर नेते. अशा ओळी मी आपल्या शहरांत फार पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी राग येतो, कारण पैसे तेवढेच खर्च झालेले असतात.

मुंबईच्या लोकल फलाटांवर एका ठरावीक जागी सतत बारीक आवाज येत राहतो. अपंगांचा डबा तिथे थांबतो. न दिसणाऱ्या प्रवाशाला कोणालाही न विचारता त्या जागी जाऊन उभं राहता यावं, एवढ्यासाठी तो आवाज आहे.

पदपथाच्या तोंडाशी दुचाक्या शिरू नयेत म्हणून ठोकलेले खुंट हे याच्या उलट उदाहरण. दोन खुंटांमधून दुचाकी जाऊ नये एवढंच अंतर ठेवलं तर खुर्चीही जात नाही. खुर्ची साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद, त्यात चाकं फिरवणारी कोपरं बाहेर येतात, म्हणून किमान ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. मुंबईतल्या अशा खुंटांची २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तीही खुर्ची वापरणाऱ्या एका नागरिकाच्या तक्रारीवरून.

कायद्यात काय आहे

१९९५ च्या कायद्यात ७ प्रकारचं अपंगत्व मानलं जाई. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले. त्याच्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी मिळता कामा नये, पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांत सुधारायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली.

एवढं असून प्रत्यक्षात १:४ चे रॅम्प का बनतात? एक कारण नियमांतच होतं. मापं मार्गदर्शक सूचनांमध्ये दिलेली होती, आणि सूचना पाळल्या नाहीत तर नेमकं काय, हे संदिग्ध होतं. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने म्हटलं की कायदा सक्तीचा असताना नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असू शकत नाहीत. नियम १५(१) त्यामुळे कायद्याच्या विरुद्ध ठरला आणि किमान मापं सक्तीची करणारे नवे नियम तीन महिन्यांत करायचा आदेश केंद्राला मिळाला.

चौकट : आपल्या इमारतीचा रॅम्प मोजा

• रॅम्पची उंची (वरच्या सपाटीपासून जमिनीपर्यंत) आणि आडवी लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. लांबीला उंचीने भागा. उत्तर १२ पेक्षा कमी आलं तर रॅम्प जास्त तीव्र आहे.
• टेप नसेल तर मोबाइलमधली पाणसळ रॅम्पवर ठेवा. १:१२ म्हणजे सुमारे ४.८ अंश.
• वर दारासमोर दीड मीटर सपाट जागा आहे का? दार ९० सेंटिमीटर मोकळं उघडतं का?
• स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडतं का? आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं.
• रॅम्पवर दुचाकी, कुंड्या, साखळी, कुलूप आहे का?

मापं आणि फोटो हाती असले की तक्रारीला वजन येतं. गृहनिर्माण संस्था असेल तर सर्वसाधारण सभेत विषय लेखी मांडा. सार्वजनिक इमारत असेल तर आधी त्या कार्यालयाच्या प्रमुखाला अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येतं. राज्य आयुक्तांना अशा तक्रारीत साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. केंद्र सरकारचं 'सुगम्य भारत' हे अ‍ॅपही २०२१ पासून आहे, त्यावर फोटोसह तक्रार टाकता येते. अर्जात 'रॅम्पची सोय नीट नाही' एवढंच लिहू नका. 'उंची ५१ सेंटिमीटर, लांबी २१० सेंटिमीटर, किमान लांबी हवी ६१२ सेंटिमीटर' असं लिहा, आणि ज्यांना तो रॅम्प रोज वापरायचा आहे त्यांना सोबत घेऊनच नव्या रॅम्पची जागा ठरवा.